मे महिन्यातली दुपार आणि सुपारीचे रणगाडे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ज्येष्ठांनी उन्हाळ्याची दुपार कशी घालवावी, यावर लेख होता. लेख चांगला होता. पण त्यातल्या एका वाक्यापाशी माझी गाडी अडली ती अजून हललेली नाही. घरात एकट्या पडलेल्या माणसाला खेळ असा उरत नाही, पत्त्यांना चौघे लागतात, कॅरमला निदान दोघे तरी लागतात, अशा अर्थाचे ते वाक्य. पुढे लेखकांनी मोबाइलचा सल्ला दिला आहे. मोबाइलला माझी हरकत नाही, माझ्या डोळ्यांची आहे.

मी ३४ वर्षे एसटीत मेकॅनिक होतो. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. राहतो मानेवाडा रोडला, दुसऱ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. म्हणजे मे महिन्यात आमच्या घराचे काय होते ते नागपूरकराला सांगायला नको. ऊन ४५ च्या वर गेले की बारा वाजता रस्ते ओस पडतात. डोक्याला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून बाहेर पडणारेसुद्धा साडेबाराच्या आत घर गाठतात. नवतपा लागला की विचारूच नका. जेवण झाले की आमच्या सौ. कूलरसमोर आडव्या होतात आणि दीड ते साडेचार हा वेळ संपूर्ण माझा असतो. त्या वेळात मी रणगाडे खेळतो. एकटाच.

हसू आले असेल तर येऊ द्या. आमच्या इमारतीत सगळेच हसले आहेत. "का जी काका, या वयात गाड्या-गाड्या खेळून राहिले का?" असे खालच्या मजल्यावरच्या पोराने जिन्यात विचारले होते. मी त्याला म्हटले, तान्ह्या पोळ्याला तुझे आजोबा लाकडी नंदीला झूल शिवायला तीन दिवस बसतात तेव्हा तू हसतोस का? आणि दिवाळीच्या किल्ल्याचे काय? माती कालवायची, अळीव पेरायचे, बुरुज चढवायचे, मावळे उभे करायचे. मग चार दिवस नुसते बघत बसायचे. त्या मावळ्यांना जागचे हलवायचे कोणाच्या मनातच येत नाही. मी हलवतो, एवढाच काय तो फरक.

ही टूम माझ्या डोक्यातून निघालेली नाही. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात फॉन राइसविट्झ नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने नकाशा, धातूचे ठोकळे आणि फासे घेऊन लढाई खेळायची पद्धत बसवली. त्याच्या वडिलांनी त्याआधी तीच गोष्ट मोठ्या टेबलावर राजासाठी मांडली होती. पुढे एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांसाठी घरगुती नियम लिहिले. आणि १९४२ मध्ये लिव्हरपूलला कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या हाताखाली इंग्लंडच्या नौदलातल्या तरुण मुली जमिनीवर आखलेल्या चौकोनांत खडूने जहाजांच्या वाटा आखत, जर्मन पाणबुड्यांना कसे पकडायचे याचे डाव खेळल्या. त्यातून निघालेल्या युक्त्या खऱ्या समुद्रावर वापरल्या गेल्या. ही शेवटची गोष्ट मी सौ.ना मुद्दाम सांगितली. त्या म्हणाल्या, "त्या मुलींना पगार होता ना?"

माझे सामान सांगतो, कारण लोकांना वाटते की हा पैसेवाल्यांचा नाद आहे. बाहेरून येणारे प्लॅस्टिकचे संच महाग असतात, हे खरे. बहात्तरास एक या प्रमाणातला एक रणगाडा जोडून रंगवायचा तर माझी महिन्याची औषधे निघतील. म्हणून मी आगपेटीचे करतो. आगपेटी हा सांगाडा. वर बुरूज, म्हणजे तोफेची फिरती टोपी. तोफेची नळी म्हणजे संपलेली रिफिल. सेंच्युरियन या ब्रिटिश रणगाड्याच्या चाकांवरच्या पट्ट्यांवर बाजूने पोलादी पत्रे लटकतात, ते औषधाच्या रिकाम्या पाकिटाच्या पुठ्ठ्याचे. आणि पॅटन या अमेरिकन रणगाड्याची गोलसर टोपी? तिच्यासाठी मी बरेच दिवस झुरत होतो. रिठा करून पाहिला, फार मोठा होतो. शेवटी एका दुपारी सौ.चा अडकित्ता हातात आला आणि अर्धी सुपारी आगपेटीवर ठेवून पाहिली. पॅटन! अगदी तोच. अडकित्त्याची धार त्यानंतर गेली, त्याबद्दल आमच्या घरात अजून बोलणे होते.

आगपेटी साधारण पाच सेंटिमीटर. सेंच्युरियनचे धूड, नळी सोडून, साडेसात मीटरच्या आसपास. म्हणजे दीडशेस एक असे प्रमाण पडते. त्याच हिशेबाने मैदान मांडायचे म्हटले तर हजार मीटरवरचा नेम सहा-सात मीटर लांब जाईल, म्हणजे स्वयंपाकघर ओलांडून शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात. तेव्हा गाड्यांचे माप वेगळे आणि जमिनीचे वेगळे. जमिनीवर आगपेटीतली एक काडी म्हणजे १०० मीटर. चार फूट बाय तीन फुटांची प्लायवुडची फळी दिवाणावर टाकली की अडीच किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद मुलूख तयार. त्यावर पोत्याचे तरट. भांडी घासायच्या हिरव्या घासणीच्या पट्ट्या कापून उभ्या लावल्या की ऊस. निळ्या पिशवीची पट्टी म्हणजे कालवा.

पहिल्या उन्हाळ्यात एक अडचण अशी आली की कुठल्याही देशाच्या सेनापतीला आली नसेल. कूलर! डाव रंगात आला की सौ. झोपेतच पाय लांबवून पंख्याचे बटण वाढवायच्या आणि माझी अख्खी तुकडी उसात पालथी. आगपेटीला वजन ते किती? मग मी प्रत्येक गाडीच्या पोटात लोखंडी वायसर चिकटवला. मेकॅनिकच्या घरात वायसरना तोटा नसतो. गाड्या उडायच्या थांबल्या. पण कूलरच्या दमट हवेने पुठ्ठ्याच्या टेकड्या फुगल्या आणि डिंक सुटला. आता टेकड्या थर्माकोलच्या आहेत आणि कूलरचा झोत दाराकडे वळवलेला असतो. दोनदा झाडणाऱ्या बाईंनी माझे शर्मन, म्हणजे जुने अमेरिकन रणगाडे, केरात भरले. एक सापडला.

आता नियम. मोठमोठ्या पुस्तकांत चिलखताची जाडी मिलिमीटरमध्ये असते, गोळ्याचा वेग असतो, कोष्टकांवर कोष्टके असतात. मी एक तसे वाचायला घेतले आणि सोडले. स्पेअर पार्टचे कॅटलॉग मी ३४ वर्षे वाचले, निवृत्तीनंतर पुन्हा नको. माझे नियम एका अंतर्देशीय पत्रावर मावतात. गाडी एका खेपेला मैदानात दोन काड्या जाते, रस्त्यावर चार. चिखलात शिरली तर एक फासा टाकायचा. १ किंवा २ पडले की रुतली. मारा करायला दोन फासे. बेरीज ८ किंवा जास्त आली तर गोळा लागला. समोरचा उसात लपला असेल तर १० किंवा जास्त हवी. यात गणित आहे. दोन फाशांचे ३६ प्रकार होतात. त्यांतले १५ प्रकार ८ च्या वरचे-बरोबरीचे आणि १० चे फक्त ६. म्हणजे उघड्यावर पाच-सात गोळ्यांत दोन-तीन लागतील, उसात सहांत एक. गोळा लागला की आणखी एक फासा. १-२ ला घसरून गेला, ३-४ ला गाडी एक खेप ठप्प, ५-६ ला संपली. कुशीवर मारला तर एक जास्त धरायचा. झाले नियम.

पण लेखकांचा प्रश्न आहे की समोर कोणी नसताना खेळायचे कसे. तर समोर पत्ते बसवायचे. एक जोड घ्यायचा, दोन जोकरांसकट. लाल पान निघाले तर माझी एक गाडी हलेल, काळे निघाले तर शत्रूची. सलग पाच काळी निघाली की आपण हात चोळत बसायचे. जोकर आला की पाने पुन्हा पिसायची आणि सगळ्या गाड्यांना बिघाडाचा फासा. ही माझी स्वतःची भर आहे, आणि तिचा मला अभिमान आहे. जो कोणी वर्कशॉपात राहिला आहे त्याला ठाऊक असते की कागदावर ६० गाड्या असल्या तरी पहाटे रस्त्यावर ६० निघत नाहीत. रणगाड्याचे तर काही बोलूच नका. सेंच्युरियनमध्ये रोल्स-रॉइसचे मिटीऑर इंजिन होते, १२ सिलिंडरचे, पेट्रोलवरचे. स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनावरून केलेले. पन्नास टनांचा लोखंडी डोंगर आणि पेट्रोल! नगरच्या टँक म्युझियममध्ये मी सेंच्युरियनसमोर उभा राहिलो तेव्हा बाकीचे लोक तोफेखाली उभे राहून फोटो काढत होते, आणि मी मागच्या झाकणाकडे बघत, याचा क्लच बदलायला किती माणसे लागत असतील याचा हिशेब करत होतो. भाचीच्या लग्नाचा मुहूर्त त्यापायी चुकला. अक्षता मात्र दोनदा टाकल्या.

शत्रूची गाडी पानावर निघाली की ती काय करेल हे मी ठरवत नाही, फासा ठरवतो. १ ला जागीच उभी, २-३ ला सरळ पुढे, ४ ला दिसेल त्यावर मारा, ५ ला बगल देऊन कुशीवर, ६ ला मागे. कधीकधी ती असा मूर्खपणा करते की वाटते, एवढे सोपे कसे? आणि कधी पाचावर पाच पडत जातात आणि ती अशी काही वळसा घालून येते की अंगावर काटा येतो. पुठ्ठ्याची आगपेटी आहे, मीच डिंक लावलेला आहे, तरी येतो.

तिसरी युक्ती झाकणांची. पाण्याच्या बाटल्यांची नऊ झाकणे पालथी घालायची, खाली चिठ्ठ्या. चारांखाली काही नाही, तिघांखाली शर्मन, एकाखाली सेंच्युरियन, एकाखाली जीप. डोळे मिटून झाकणे फिरवायची आणि मांडायची. आता कुठल्या उसात काय आहे हे मलाही माहीत नाही. काळे पान निघाले आणि माझी गाडी तीन काड्यांच्या आत असली की जवळचे झाकण उलटायचे.

जाणकारांनी ओळखले असेल. हा असल उत्तरचा डाव आहे. सप्टेंबर १९६५, ८ ते १० तारीख, पंजाबातला खेमकरणचा भाग. पाकिस्तानची पहिली चिलखती डिव्हिजन पॅटन घेऊन आत घुसली. मेजर जनरल गुरबक्षसिंग यांची चौथी माउंटन डिव्हिजन मागे सरून घोड्याच्या नालासारखी पसरली, कालव्यांचे पाणी शेतांत सोडले, आणि उभ्या उसात आपले रणगाडे आणि जीपवरच्या १०६ मिलिमीटर तोफा दबा धरून बसल्या. तिसऱ्या कॅव्हलरीचे सेंच्युरियन होते. डेक्कन हॉर्सचे शर्मन होते, दुसऱ्या महायुद्धातले, पॅटनपुढे म्हातारेच. त्या डेक्कन हॉर्सचे कमांडर लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य. होय, तेच. पुढे भूदलाचे प्रमुख झाले ते जनरल वैद्य. या लढाईचे महावीर चक्र त्यांना मिळाले, आणि १९७१ साली बसंतरच्या लढाईसाठी दुसऱ्यांदा मिळाले. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने पॅटन उडवले आणि तिथेच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र. भारतीय नोंदींप्रमाणे शत्रूचे ९७ रणगाडे गेले. पकडलेल्या पॅटनची भिखीविंडला रांग लावली, तिला लोक पॅटननगर म्हणू लागले.

आता मी या डावात कोणाकडून खेळतो? पॅटनकडून.

सहा पॅटन, म्हणजे सहा अर्ध्या सुपाऱ्या, माझ्या. झाकणे भारताची. मागच्या आठवड्यातला एक डाव सांगतो. तिसऱ्या खेपेपर्यंत सगळे छान चालले होते. दोन झाकणे उलटली, दोन्ही रिकामी. उत्साहाच्या भरात मी पुढचा पॅटन उसात घातला. चिखलाचा फासा टाकला, पडला १. रुतला. आता शहाण्या माणसाने काय करावे? त्याला सोडून बाकीचे पाच बाजूने न्यावेत. पण मी पडलो एसटीचा माणूस. रस्त्यात गाडी रुतली तर दुसरी गाडी लावून दोर बांधायचा, हे हाडात भिनलेले. दुसरा पॅटन त्याच्या शेजारी नेऊन उभा केला, कारण माझ्याच नियमात शेजारी गाडी असली तर सुटायच्या फाशात दोनची भर आहे. फासा टाकला, १. दोन मिळवून ३, निघायला ४ लागतात. पान काढले, काळे. सगळ्यांत जवळचे झाकण उलटले. जीप.

जीप कुशीला होती. दोन फाशांत १० आले. पुढच्या फाशाला ४, कुशीचा एक धरून ५. पहिला गेला. पुढचे पानही काळे. ११. दुसरा गेला, दोर बांधायला आलेला. मग उरलेले चार रस्त्यावर गर्दी करून उभे राहिले, कारण मैदानात उतरायला माझा हातच धजेना. आणि रस्त्याच्या टोकाचे झाकण निघाले सेंच्युरियनचे.

नेमके तेव्हाच शेजारचे गृहस्थ वीजबिलाचे काहीतरी विचारायला आले. फळीकडे बघून म्हणाले, "तुमचे कोणते?" मी सुपाऱ्या दाखवल्या. ते वाकून बघत राहिले. "अन् हे झाकण आपले? म्हणजे तुम्ही पाकिस्तानकडून खेळून राहिले?" मी त्यांना पाणी दिले, बसवले आणि समजावले. आपल्या बाजूने खेळायचे तर आपली तोफ कुठल्या उसात आहे हे मला आधीच कळलेले असते. मग त्यात काय उरले? लपून बसलेल्याला सगळे माहीत होते. माहीत नव्हते ते पॅटनवाल्याला. हातात त्या काळची चांगली गाडी असून ती ९७ गाड्यांची रांग कशी लागली, हे समजून घ्यायचे तर त्या सुपारीखालीच बसावे लागते. झाकण उलटायच्या आधी जो हात थबकतो, तो जिंकणाऱ्याच्या बाजूने बसून थबकत नाही. गृहस्थांना हे पटले असे मला वाटत नाही. जाताना फळीच्या कडेची एक सुपारी त्यांनी सहज उचलून तोंडात टाकली. तो माझा राखीव पॅटन होता.

लोंगेवालाचा डाव मात्र मी खेळत नाही, कोणी कितीही सांगितले तरी. ठाण्यावरच्या जवानांनी रात्र लढवली, त्यांना माझा नमस्कार. पण ५ डिसेंबर १९७१ च्या सकाळपासून रणगाड्यांचे खरे काम जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी केले. आगपेट्या वाळूत उभ्या करून वरून मारत राहायचे, यात कसला डाव? बसंतर खेळतो. सुरुंगांचे शेत मोहरी पसरून करतो. त्यात शिरायला जो फासा टाकावा लागतो तो माझी नात टाकते, माझ्याच्याने होत नाही. त्या लढाईत रणगाड्यातच कामी आलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल २१ वर्षांचे होते. त्यांच्या सेंच्युरियनचे नाव फॅमागुस्ता. नातीने एका आगपेटीवर पांढऱ्या पेनाने ते नाव लिहिले आहे. शुद्धलेखनाची चूक आहे, मी सुधारलेली नाही.

एकट्याच्या खेळात एक खोड आहे, तीही सांगून टाकतो. माणूस स्वतःशी चोरी करतो. मी एसटीच्या लॉगशीटसारखी नोंदवही ठेवतो: तारीख, डाव, कोण जिंकले, किती गाड्या गेल्या. ४० डाव झाले तेव्हा मोजले. मी २९ जिंकलेलो. फाशांत आणि पानांत मी काही जिंकावे अशी सोय केलेली नव्हती. मग एवढे कसे? आठवडाभर स्वतःवर नजर ठेवली तेव्हा चोर सापडला. फासा दिवाणाखाली गेला की तो पुन्हा टाकायचा, असा माझा प्रघात. पण शत्रूचा फासा खाली पडला आणि त्यावर १ असला तर मी म्हणायचो, राहू दे, वाकायला नको, कंबर दुखते. आणि माझा १ पडला तर कंबर दुखत नसे. ३४ वर्षांत एक नटसुद्धा घरी नेला नाही, आणि इथे रिकाम्या खोलीत, कोणी बघत नसताना, सुपारीसाठी. आता फासे स्टीलच्या खोल वाटीत टाकतो. खणखण आवाजाने सौ. जागी होतात तो दोष पत्करला. त्यानंतरच्या ४० डावांत मी १८ जिंकलो.

त्याच नोंदवहीत एक रकाना माणसांचा आहे. सेंच्युरियनमध्ये चौघे असत. पॅटन एम-४८ असेल तर चौघे, एम-४७ असेल तर पाच. गाडी संपली की प्रत्येकासाठी एक फासा टाकतो, बाहेर पडला की नाही. हा रकाना कोणत्याही पुस्तकातल्या नियमात मी पाहिलेला नाही. आमच्याकडे अपघाताच्या अहवालात गाडीच्या नुकसानीआधी माणसांचा रकाना असायचा, तोच इथे आला. तेवढा भरल्याशिवाय फळी आवरत नाही. ज्यांना वाटते की या नादाने माणूस रक्ताला चटावतो, त्यांनी एकदा येऊन तो रकाना भरून पाहावा. दुपार लांबते.

गेल्या वर्षी मी एका विरंगुळा केंद्रात हे घेऊन गेलो होतो. कुठले ते सांगत नाही, माणसे तशी चांगली आहेत. म्हटले, दुपारचे एक टेबल द्या, कॅरम कोणी खेळत नसतो तेव्हाचे. तिथल्या बाईंनी डबा उघडून पाहिला आणि म्हणाल्या, "रणगाडे? याला पोलिसांची परवानगी नाही ना लागत?" मी म्हटले, आगपेट्या आहेत. त्या म्हणाल्या, मग तर फायर ब्रिगेडची लागेल. हसून विषय संपला. टेबल नाही मिळाले.

म्हणून आता तुमच्याकडे मागतो. तुमच्या पुरवणीत शब्दकोडे असते, सुडोकू असते, बुद्धिबळाचा डावही येतो. तिथेच कोपऱ्यात चार बोटांची जागा आठवड्यातून एकदा एका लहान लढाईला द्या. वाचकाला प्लायवुड लागणार नाही, कागद कापून टेबलावर मांडता येईल असा नकाशा, पाच-सहा ओळींचे नियम आणि 'तुमच्याकडे तीन गाड्या आहेत, ओढ्यापलीकडे सहा झाकणे आहेत, आठ खेपांत पूल गाठा' एवढेच. लुडोचे फासे घरोघर असतात आणि झाकणांची तर नागपुरात उन्हाळ्यात रास पडते. सुपारी ज्याची त्याने आणावी. मी असे १२ डाव करून, प्रत्येक डाव दहा-दहा वेळा खेळून पाहून ठेवले आहेत. त्यांतला सातवा जमलेला नाही, पूल गाठताच येत नाही; तो दुरुस्तीला आहे.

मानधन नको. नाव छापू नका, इमारतीत आधीच पुष्कळ झाले आहे. कागद पोस्टाने पाठवू की कचेरीत आणून देऊ ते कळवावे. आणून द्यायचे असतील तर पाचनंतर येईन. त्याआधी ऊन फार असते, आणि सध्या चौथ्या डावात माझा एक शर्मन कालव्याच्या काठावर ठप्प होऊन बसला आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त एसटी मेकॅनिक,
मानेवाडा रोड, नागपूर